उपग्रहाच्या नकाशावर विदर्भाचं जंगल कसं वाचावं : नवख्यांसाठी

मार्चअखेरचं पेंचचं उपग्रहचित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्काच बसतो. नोव्हेंबरात जिथे गर्द हिरवं होतं, तिथे आता करडं-तपकिरी पसरलेलं असतं आणि मधूनमधून उघडी जमीन डोकावत असते. पाहणारा तडक स्क्रीनशॉट काढतो आणि ‘जंगल साफ झालं’ म्हणून ग्रुपवर टाकतो. प्रत्यक्षात झालेलं काहीच नसतं. साग, धावडा, सालई यांनी दरवर्षीप्रमाणे पानं टाकलेली असतात, एवढंच. आपलं जंगल शुष्क पानगळीचं. नेटवर मिळणारे बहुतेक धडे मात्र अॅमेझॉन किंवा इंडोनेशियाची सदाहरित जंगलं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. ते वाचून इथला नकाशा उघडला की फसगत ठरलेली. म्हणून हा लेख नागपूर आणि आसपासचा मुलूख धरून लिहिला आहे.

पैसे कुठेही लागत नाहीत. साधा लॅपटॉप आणि बरं इंटरनेट पुरेसं आहे. मोबाइलवरही काम होतं, पण सीमारेषा आखताना बोटाने वैताग येतो. खाली सांगितलेल्या साइटींवरची बटणं इंग्रजीत आहेत. ती ओळखू यावीत म्हणून त्यांची नावं मी तशीच देवनागरीत दिली आहेत.

गंमत म्हणजे या विषयाची सगळी मातब्बर मंडळी आपल्याच शहरात आहेत. इस्रोचं मध्य विभागाचं सुदूर संवेदन (उपग्रहचित्रांच्या अभ्यासाचं) केंद्र इथे, राज्याचं तेच काम करणारं ‘एमआरसॅक’ इथे, वनविभागाचं मुख्यालय इथे आणि वनविकास महामंडळाचंही. तरी आपल्या जंगलाचा नकाशा उघडून पाहिलेला नागपूरकर विरळाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पायरी १ : आधी ओळखीचा तुकडा निवडा

पहिल्याच दिवशी गडचिरोलीला हात घालू नका. जिथे तुम्ही स्वतः फिरला आहात, जिथलं झाड न् झाड डोळ्यांसमोर येतं, असा तुकडा घ्या : सेमिनरी हिल्स, गोरेवाड्याचा तलाव आणि त्याच्या मागचं जंगल, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान. वरून पाहिलेला रंग आणि जमिनीवर पाहिलेलं झाड यांची सांगड डोक्यात बसल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

संगणकावर ‘गूगल अर्थ प्रो’ उतरवून घ्या. त्यात ‘पॉलिगॉन’ नावाचं साधन आहे. त्याने तुकड्याच्या कडेकडेने टिचक्या मारत सीमा आखा, नाव द्या आणि ‘केएमएल’ फाइल म्हणून जतन करा. ही फाइल फार कामाची आहे. पुढच्या जवळपास प्रत्येक साइटवर तीच चढवता येते, त्यामुळे दरवेळी नेमकी तीच जागा तपासली जाते. दरवेळी नव्याने हाताने सीमा आखली, तर क्षेत्रफळ कमी-जास्त होतं आणि नसलेली घट दिसू लागते.

अक्षांश-रेखांश लिहिताना क्रम सांभाळा. नागपूर साधारण २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. आपण अक्षांश आधी लिहितो, पण केएमएल फाइलच्या पोटात रेखांश आधी असतो. आकडे उलटे पडले तर तुमचं गोरेवाडा थेट उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्डच्या बाजूला जाऊन पडेल. नकाशावर अचानक बर्फ दिसलं तर घोळ कुठे आहे हे समजून घ्यायचं.

आता मापाचं. उपग्रहचित्र चौकोनी ठिपक्यांचं बनलेलं असतं आणि एका ठिपक्याला एकच रंग. ‘सेंटिनेल-२’ या युरोपीय उपग्रहाचा ठिपका १० मीटर बाय १० मीटर असतो, म्हणजे बरोबर एक आर. सातबाऱ्यावर जे हेक्टर-आर लिहिलेलं असतं, त्यातलाच हा आर. अमेरिकेच्या ‘लँडसॅट’चा ठिपका ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे ९ आर. आगीचे इशारे देणाऱ्या ‘व्हीआयआयआरएस’चा ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे तब्बल १४ हेक्टरचा. हे तीन आकडे पाठच करा. कोणता नकाशा काय दाखवू शकतो आणि काय दाखवूच शकत नाही, ते यातूनच ठरतं. रात्रीतून चार सागाची झाडं तोडून नेली, तर ९ आरच्या ठिपक्यात बाकीची झाडं उभीच असतात, म्हणून ठिपका हिरवाच राहतो. सागवान चोरी या नकाशांवर दिसत नाही. ती बीट गार्डच्या पायपिटीतच सापडते.

पायरी २ : जुनी चित्रं चाळा

गूगल अर्थ प्रोमध्ये वर घड्याळाचं चिन्ह आहे. ते दाबलं की काळाची पट्टी येते आणि त्याच जागेची मागची चित्रं एकामागून एक पाहता येतात. शहराजवळची चित्रं इतकी स्पष्ट असतात की सुट्या झाडांच्या सावल्यासुद्धा मोजता येतात.

डोळा तयार करायला तीन जागा पाहा. पहिली उमरेडची खुली कोळसा खाण. खड्डा कसा सरकत गेला आणि बाजूला मातीचे ढिगारे कसे उभे राहिले, ते वर्षागणिक दिसतं. दुसरी गोसीखुर्द धरणाचं बुडीत क्षेत्र. वैनगंगेचं पाणी पसरत गेलं तशी काठची हिरवळ निळ्या-काळ्या रंगाखाली गेली. तिसरी समृद्धी महामार्गाचा नागपूरकडचा टप्पा. शेतांतून, माळातून आधी पांढरी रेघ उमटते आणि पुढे तिचा रस्ता होतो. खाण, पाणी, रस्ता. विदर्भात मोठ्या प्रमाणावर झाडोरा जाण्याची ही तीन कारणं आणि प्रत्येकाची आकृती वेगळी. खाणीची कड वेडीवाकडी आणि दरवर्षी वाढणारी, पाण्याची कड नाल्यांच्या फांद्यांसारखी, रस्त्याची सरळ. अतिक्रमणाची आकृती आणखी वेगळी : जंगलाच्या कडेला किंवा पोटात छोटे छोटे चौकोन, हळूहळू एकमेकांना जोडले जाणारे.

चित्राखाली तारीख असते. ती पाहिल्याशिवाय एकही निष्कर्ष काढू नका. इझ्री या नकाशा-कंपनीच्या ‘वेबॅक’ संग्रहातही जुनी चित्रं मिळतात. पण तिथे ठळक दिसते ती चित्र प्रसिद्ध झाल्याची तारीख. चित्र प्रत्यक्षात घेतलं गेलं ती तारीख जागेवर क्लिक केल्यावर कळते आणि दोन्हींत बरंच अंतर असू शकतं.

पायरी ३ : त्याच महिन्याची तुलना

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : नोव्हेंबरची तुलना नोव्हेंबरशी, एप्रिलची एप्रिलशी. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी देशाच्या वनांचा अहवाल काढते. तीसुद्धा ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रंच वापरते, कारण तेव्हा आभाळ निरभ्र असतं आणि झाडांवर पानं असतात.

आता ‘कोपर्निकस ब्राउझर’ उघडा. हे युरोपीय संघाचं आहे. नोंदणी फुकट आहे आणि ती केल्यावर जास्त सोयी मिळतात. डावीकडे तारीख निवडायची आणि ढगांच्या प्रमाणाची पट्टी असते. ढग १० टक्क्यांच्या खाली ठेवा. सेंटिनेल-२ साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातो. म्हणजे नोव्हेंबरात सहाएक संधी मिळतात आणि त्यातली एक-दोन चित्रं तरी स्वच्छ निघतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मात्र ढगांमुळे फारसं काही हाती लागत नाही. ढगांतून आरपार पाहणारं रडार ‘सेंटिनेल-१’ वर असतं, पण ते वाचणं वेगळं शास्त्र आहे. नवख्याने पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

उजवीकडच्या चिन्हांमधून तुमची केएमएल फाइल चढवा. आधी ‘ट्रू कलर’ म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं चित्र पाहा. मग ‘फॉल्स कलर’ निवडा. यात जिवंत पानं लाल दिसतात, कारण पानं जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतात आणि या चित्रात त्या प्रकाशाला लाल रंग दिलेला असतो. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं, पण थोड्या सरावाने डोळा बसतो. दाट जंगल गडद लाल, उभं पीक झगझगीत लाल, उघडी माती निळसर-करडी, पाणी जवळजवळ काळं.

इथे शेतीचं ज्ञान उपयोगी पडतं. नोव्हेंबरात सोयाबीन निघून गेलेलं असतं, त्यामुळे ती शेतं उघडी दिसतात. कपाशी आणि तूर उभी असते, ती लाल दिसते. जानेवारीत गहू-हरभऱ्याचे तुकडे चमकतात. हे सगळे तुकडे बांधांनी आखलेले, सरळ कडांचे. जंगलाची कड अशी सरळ नसते. काटोल-नरखेडकडे गेलात तर गूगल अर्थवर संत्र्याच्या बागा ओळीत मांडलेल्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्या ओळखायला शिका, कारण पुढे त्यांच्यामुळेच आकड्यांचा घोळ होतो.

मग ‘एनडीव्हीआय’, म्हणजे हिरवेपणा मोजणारा आकडा. नाव भारदस्त असलं तरी गणित शाळेतलं आहे. अवरक्त प्रकाशातून लाल प्रकाश वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर उणे १ ते अधिक १ यांच्या मध्ये येतं. पाणी शून्याच्या खाली, उघडी माती शून्याच्या जरा वर, पावसाळ्यानंतरचं भरगच्च जंगल साधारण ०.६ च्या पुढे. पण त्याच सागवनाचा आकडा एप्रिलमध्ये पडीक शेताच्या जवळ येऊ शकतो. म्हणून सुटा आकडा निरर्थक. त्याच जागेचा, त्याच महिन्याचा, किमान तीन वर्षांचा आकडा ओळीने मांडला तरच त्याला अर्थ येतो. तीन वर्षं का? एखाद्या वर्षी पाऊस ओढ देतो, पानं लवकर गळतात आणि सगळं जंगल फिकट दिसतं. शेजारचा कधीच न तुटलेला तुकडाही तेवढाच फिकट झाला असेल, तर कारण पाऊस आहे. तो हिरवाच राहिला आणि फक्त तुमचा तुकडा पडला, तर मग खोलात जायचं.

दोन चित्रं ‘कंपेअर’मध्ये टाकली की मधली पट्टी डावी-उजवी सरकवून फरक पाहता येतो. मला ही सोय सगळ्यात आवडते. सभेत, शाळेत, ग्रामसभेत दाखवायला याहून सोपं काही नाही.

पायरी ४ : ग्लोबल फॉरेस्ट वॉच, आणि त्याच्या मर्यादा

जंगलतोडीचे नकाशे म्हटलं की बहुतेकांना हेच ठाऊक असतं. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये ही साइट आजच्या रूपात आणली. तिच्यातला मुख्य थर मेरीलँड विद्यापीठाचा आहे, लँडसॅटच्या चित्रांवरून केलेला. ‘फॉरेस्ट चेंज’मध्ये जाऊन ‘ट्री कव्हर लॉस’ चालू करा. २००१ पासून कोणत्या वर्षी कुठला ठिपका झाडोरा गमावून बसला, ते गुलाबी रंगात दिसतं. खालची वर्षांची पट्टी सरकवता येते. तुमची सीमा चढवली किंवा नागपूर जिल्हा निवडला की ‘अॅनॅलिसिस’ वर्षवार हेक्टर देतं.

इथवर सगळं सोपं. आता जपून.

या नकाशात झाडोरा म्हणजे ५ मीटरहून उंच वाढलेली कोणतीही वनस्पती, मग ती नैसर्गिक असो वा लावलेली. आणि घट म्हणजे त्या ठिपक्यातलं छत्र, म्हणजे झाडांच्या शेंड्यांचं आच्छादन, पूर्ण जाणं. ते का गेलं हे गुलाबी रंग सांगत नाही. वनविकास महामंडळाने आपल्या सागाच्या रोपवनाची तोड केली, वनविभागाने मंजूर कार्य आयोजनेप्रमाणे कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडला, वादळाने झाडं पाडली, धरणाचं पाणी चढलं, खाण सरकली किंवा कुणी चोरून साफ केलं, सगळ्यांचा रंग एकच. महामंडळाच्या रोपवनात पाच-सहा वर्षांनी पुन्हा हिरवं दिसू लागतं, खाणीत दिसत नाही. त्यामुळे गुलाबी ठिपका सापडला की लगेच कोपर्निकसवर जाऊन पुढची पाच-सहा वर्षं पाहायची.

दुसरी मेख छत्राच्या घनतेची. साइट आपोआप ३० टक्के घनतेची मर्यादा लावते. आपल्याकडची कितीतरी विरळ जंगलं त्या चाळणीतून आधीच गळून पडतात. ‘कॅनपी डेन्सिटी’ची चौकट उघडून ती १० टक्क्यांवर आणा आणि कोणती मर्यादा धरली ते आकड्याशेजारी नेहमी लिहा. वन सर्वेक्षण संस्थाही १० टक्क्यांपासूनच वनाच्छादन मोजते : १० ते ४० टक्के विरळ, ४० ते ७० मध्यम दाट, ७० च्या वर अतिदाट. मात्र ती एक हेक्टरहून मोठा कोणताही झाडोरा धरते, जमीन कुणाचीही असो. त्यात बांबू आला, फळबागाही आल्या. म्हणजे संत्र्याची बाग वाढली की वनाच्छादनाचा आकडा वाढू शकतो आणि जुनं जंगल कमी होऊनही जिल्ह्याची बेरीज जैसे थे राहू शकते. ‘नागपूर जिल्ह्यात वन वाढलं’ किंवा ‘घटलं’ अशा एका ओळीच्या बातमीवर विसंबू नये ते यासाठीच. ती बेरीज फोडून पाहावी लागते.

तिसरी गोष्ट कालखंडाची. घट शोधण्याची पद्धत मधल्या काळात सुधारत गेली आहे, विशेषतः २०११ नंतर आणि पुन्हा २०१५ च्या सुमाराला. त्यामुळे २००५ पेक्षा २०१८ चा आकडा मोठा दिसला तर त्यातला काही भाग नजर तीक्ष्ण झाल्याचा असतो. जुन्या-नव्या दशकांची थेट तुलना करून मथळे काढू नका.

याच साइटवर ताज्या तोडीचे इशारेही मिळतात. ‘माय जीएफडब्ल्यू’मध्ये खातं उघडून आपली सीमा जतन केली की इशारा ईमेलवर येतो. इशाऱ्याबरोबर खात्रीची पातळी असते. कमी खात्रीचा इशारा आला तर पुढचं स्वच्छ चित्र येईपर्यंत थांबा. त्यांचं ‘फॉरेस्ट वॉचर’ नावाचं मोबाइल अॅप आहे. नेटवर्क नसलेल्या भागात जाण्याआधी नकाशा आणि इशारे त्यात उतरवून घेता येतात. देवलापारच्या पुढे गेलेल्यांना याचं मोल सांगायला नको.

पायरी ५ : वणवे

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि तेंदूला नवा फुटवा चांगला यावा म्हणूनही आग लावली जाते. त्यातली काही हाताबाहेर जाते. नासाचा ‘फर्म्स’ नकाशा उघडला की गेल्या २४ तासांतले, आठवड्यातले ठिपके दिसतात. वन सर्वेक्षण संस्थेच्या ‘वन अग्नी’ पोर्टलवर नोंदणी केली तर तुमच्या भागाचा इशारा मोबाइलवर येतो.

ठिपका म्हणजे १४ हेक्टर जळालं असं नव्हे. त्या चौकोनात कुठेतरी उपग्रह वरून जात असताना मोठी उष्णता होती, एवढाच त्याचा अर्थ. हे उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी लागून रात्री विझलेली आग त्यांना कळणारही नाही. उलट बाजूने, उष्णता कसलीही असू शकते. कोराडी-खापरखेड्याचा वीजकेंद्रांचा परिसर, उमरेड-कामठीकडच्या कोळशाच्या खाणी, वीटभट्ट्या, भांडेवाडीचा पेटलेला कचरा, मे महिन्यात शेतकऱ्यांनी जाळलेले धुरे आणि काडीकचरा, या सगळ्यांचे ठिपके येतात. एकाच जागी बाराही महिने ठिपका येत असेल तर तो वणवा नाही. खरोखर काय जळालं ते आठवडाभराने कोपर्निकसवर ‘एसडब्ल्यूआयआर’ (लघुलहरी अवरक्त प्रकाशाच्या) चित्रात पाहा. जळालेली जमीन गडद, तपकिरी-काळसर डागासारखी वेगळी उठून दिसते.

पायरी ६ : जमीन कुणाची, परवानगी कशाची

हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून नवखे गाळतात, आणि मग तक्रार केराच्या टोपलीत जाते.

आधी गट नंबर काढा. ‘महाभूनकाशा’वर गाव निवडून तो मिळतो आणि त्यावरून सातबारा. जंगल असेल तर कक्ष क्रमांक हवा, कक्ष म्हणजे वनविभागाने जंगलाचे पाडलेले क्रमांकित भाग. वनविभागाची सगळी भाषा कक्ष क्रमांकात चालते. मग केंद्र सरकारचं ‘परिवेश’ पोर्टल उघडा. वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. ते प्रस्ताव, त्यांची सद्यस्थिती आणि बऱ्याचदा केएमएल फाइलही तिथे असते. तीच फाइल तुमच्या नकाशावर टाकली की मंजूर सीमेच्या आत तोड झाली की बाहेर, ते लगेच कळतं. माझ्या मते सामान्य नागरिकाच्या हातात आलेलं सगळ्यात धारदार साधन हेच आहे आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारंही.

झुडपी जंगल ही खास आपल्याकडची भानगड. महसुली कागदावर या नावाने नोंदलेल्या जमिनी नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वनजमिनीच आहेत असा निर्णय दिला. त्यांचं क्षेत्र ८६ हजार हेक्टरांहून जास्त. पण त्यांवरची झुडपं बरेचदा ५ मीटरपेक्षा ठेंगणी आणि विरळ. त्यामुळे ग्लोबल फॉरेस्ट वॉचच्या नकाशात अशा जागी झाडोराच नाही. आधीच नाही तर घट कुठून दिसणार? अशी जमीन सपाट झाली तरी तिथे एकही गुलाबी ठिपका उमटायचा नाही. झुडपी जंगलासाठी सेंटिनेलचं नोव्हेंबरचं एनडीव्हीआय आणि गूगल अर्थची जुनी चित्रं, या दोनच गोष्टींवर भिस्त ठेवा.

शहरातल्या सुट्या झाडांचं प्रकरण निराळं. त्यांना १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा लागू होतो आणि परवानगी महापालिकेकडून असते. २०२१ मध्ये अजनीच्या झाडांवरून जे आंदोलन पेटलं, तशा वेळी उपग्रहाच्या ठिपक्यांपेक्षा गूगल अर्थवर एकेक झाड मोजणं आणि प्रत्यक्ष फिरून खोडांचे घेर नोंदवणं जास्त उपयोगाचं.

पायरी ७ : परिणाम शोधताना

झाडं गेली हे दाखवणं सोपं आहे. त्यामुळे काय झालं हे दाखवणं अवघड.

तापमानाने सुरुवात करू, कारण नागपूरकराला तेच आधी आठवतं. लँडसॅट ८ आणि ९ वर उष्णता मोजणारं उपकरण आहे आणि त्याची चित्रं नेटवर पाहता येतात. पण ते तापमान जमिनीच्या पृष्ठभागाचं असतं, हवामान खातं सांगतं ते हवेचं. मे महिन्यात डांबर किंवा उघडा खडक हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे ‘उपग्रहाने ५५ अंश नोंदवले’ हे वाक्य खरं असूनही दिशाभूल करतं. एकाच चित्रातले दोन तुकडे तोलले तर ठीक : गोरेवाड्याचं जंगल आणि त्याला लागून झालेली वस्ती. त्यांच्यातला फरक बोलका असतो.

पाण्यासाठी युरोपीय आयोगाचा ‘ग्लोबल सरफेस वॉटर’ नकाशा आहे. त्यावर १९८४ पासून कुठलं तळं किती टिकतं ते दिसतं. नागपूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंच प्रकल्पातलं. त्याच्या पाणलोटातलं जंगल हा म्हणून निव्वळ वाघांचा विषय राहत नाही.

वाघांचं म्हणाल तर हेक्टरांपेक्षा जोडणी महत्त्वाची. ‘जय’ नावाचा प्रसिद्ध वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून निघून उमरेड-कऱ्हांडल्याला आला, तो शेतं, नाले आणि जंगलाचे तुटक पट्टे ओलांडत. असा एखादा पट्टा अगदी अरुंद जागी तुटला तर जिल्ह्याच्या बेरजेत तो हिशेबातही येत नाही, पण वाट बंद होते. नकाशावर दोन मोठ्या जंगलांमधली सर्वांत चिंचोळी जागा शोधा आणि लक्ष तिथे ठेवा. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचमध्ये प्राण्यांसाठी भुयारी मार्ग बांधले गेले, ते अशाच तुटलेल्या वाटांवर. गूगल अर्थवर ते उंचावलेले टप्पे ओळखू येतात.

कार्बनचा आकडा ग्लोबल फॉरेस्ट वॉच आपोआप देतं. तो सरासरीवर बेतलेला अंदाज असतो. लिहायचाच तर ‘अंदाजे’ म्हणून लिहा.

पायरी ८ : जमिनीवर खात्री, मग कागद

नकाशा पाहून थेट जंगलात घुसू नका. अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प किंवा राखीव वनात परवानगीशिवाय जाणं गुन्हा आहे आणि उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ ते अंगावरही येऊ शकतं. ड्रोनचा तर विचारही नको. त्या गावातल्या गुराख्याला, मोह वेचणाऱ्या बाईला, संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या सदस्याला विचारा. कूप कधी तुटला, आग कुणाच्या शेतातून आली, हे त्यांना तोंडपाठ असतं.

तरीही संशय उरला तर लिहायचं ते असं :

‘मौजे अमुक, तालुका अमुक, कक्ष क्रमांक अमुक (किंवा गट नंबर) येथे अक्षांश-रेखांश अमुक याभोवती सुमारे इतक्या हेक्टर क्षेत्रातील झाडोरा दिनांक अमुक आणि दिनांक अमुक या दरम्यान कमी झालेला सेंटिनेल-२ च्या चित्रांत दिसतो. दोन्ही चित्रे व केएमएल फाइल सोबत जोडली आहे. ही तोड कोणत्या परवानगीने झाली आहे याची माहिती मिळावी व स्थळपाहणी व्हावी, ही विनंती.’

‘जंगल माफिया’, ‘संगनमत’ असले शब्द घालू नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या टेबलावर तारखा आणि कक्ष क्रमांक असलेला साधा कागद जास्त वजनदार ठरतो. प्रत उपवनसंरक्षकांना द्या आणि पोच घ्या. तोड चालू असेल किंवा आग लागलेली दिसली तर कागद लिहीत बसण्यापेक्षा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आधी फोन करा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात त्या कक्षाचा तोड आदेश, कूप नकाशा आणि स्थळपाहणी अहवाल मागा. ‘जंगलतोडीची सर्व माहिती द्या’ असा मोघम अर्ज केला की उत्तरही मोघमच येतं.

फाइलींची नावं पहिल्या दिवसापासून नीट ठेवा : जागा, वर्ष, महिना, उपग्रह, या क्रमाने. ‘कऱ्हांडला_२०२४_११_सेंटिनेल२’ असं. सोबत एका वहीत किंवा एक्सेलमध्ये सहा रकाने पुरतात : चित्राची तारीख, ढगांचं प्रमाण, थर, एनडीव्हीआय, शेजारच्या न तुटलेल्या तुकड्याचा एनडीव्हीआय आणि गावातून काय कळलं. शेवटचा रकाना रिकामा असेल तोवर ती नोंद कुणाला पाठवू नका.